पत्र्याचं छत, मातीची भिंत

आमच्या गल्लीत पहिले पत्रे आमच्या घरावर आले. ही गोष्ट वडील मरेपर्यंत सांगत होते, आणि खरं सांगायचं तर मीही सांगते. आमच्या घरानं गावात पहिल्यांदा केलेल्या गोष्टी दोनच. पत्रे वडिलांनी आणले आणि बी.ए. मी झाले. दोन्हींचा मला अभिमान आहे, कुणाला तो गर्व वाटला तर वाटो. पण त्या पत्र्यांपायी माझा धाकटा भाऊ जायचाच राहिला, एवढं वडील कधी सांगत नसत. म्हणून ते मी लिहिते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मंठ्याच्या बाजाराला जाणारं. घरं सगळी माळवदाची. आडव्या लाकडांवर फांद्या आणि चिपाडं अंथरायची आणि वर हातभर पांढरी माती चोपायची, की झालं छत. उन्हाळ्यात त्याखाली माठात बसल्यासारखं गार. पावसाळ्यात मात्र ते कुठून गळेल याचा नेम नाही. एका ओल्या रात्री आमच्या माळवदाचा ढेकूळभर तुकडा निसटला आणि भावाच्या पाळण्यापासून वीतभर अंतरावर पडला. भाऊ तेव्हा पुरता वर्षाचाही नव्हता. दोन मुलींच्या पाठीवर झालेला. वडील त्या रात्री निजलेच नाहीत. ढेकूळ हातात घेऊन बसून राहिले.

पुढं जालन्याला एका जिनिंगची शेड पाडली गेली, तिचे जुने पत्रे त्यांनी उचलले. दोन खेपा बैलगाडी गेली. पत्र्यांना सरकीच्या तेलाचा वास होता आणि काही ठिकाणी कापसाचे तंतू गंजात चिकटलेले होते. दिवाळीनंतर माळवद उतरवलं आणि पत्रे चढवले. माळवदाला धूर जायला एक भोक असायचं, त्याला आम्ही साणं म्हणायचो. वडिलांनी साणं ठेवलं नाही. "पत्रा घेऊन त्याला भोक पाडायचं, म्हंजे नवं धोतर घेऊन ते फाडायचं," ते म्हणाले. दाराला नवा लोखंडी कोयंडाही बसवला, जाड बोटाएवढा.

लोक बघायला यायचे. गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक म्हातारे होते, त्यांची जीभ गावात प्रसिद्ध. ते मान वर करून म्हणाले, "पाऊस आला की तुमच्याकडं ताशेवाला लावायचं काम न्हाई आता."

"वाजू द्या," वडील म्हणाले. "गळायचं तर न्हाई."

"आणि उन्हाळ्यात भाकरी वरच टाका. सरपण वाचंल."

सगळे हसले. वडीलही हसले. आम्ही पोरं तर किती दिवस ते वाक्य म्हणत फिरलो.

आता दुसरी गोष्ट. आदल्या वैशाखात गावातली दोन पोरं भर दुपारी कैऱ्या पाडायला गेली होती. त्यातलं एक संध्याकाळी घरी आलं आणि आडवं झालं ते उठलंच नाही. त्यानंतर गावात दवंडी फिरली, की जेवणवेळ झाल्यापासून गुरं घरी येईस्तोवर एकही लेकरू बाहेर दिसता कामा नये. गावानं ते मानलं. ज्यांच्या घरी कुणी राखायला नाही त्या बायका दाराला बाहेरून कडी घालून शेतावर जायच्या. आत माळवदाखाली पोरं गार झोपायची. शहाणपणाचीच रीत होती ती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

आमच्या घरी मीच राखण. मी दहा वर्षांची, मधली बहीण सहाची, भाऊ दीड वर्षाचा. घराला दार एकच. मागचं दार चोराच्या भीतीनं कुणी ठेवत नसे. आई कडी घालून गेली की दाराच्या फटीतून वेळूची काडी घालून ती कडी वर उचलता येते, हे मी शोधून काढलं. माझ्या हुशारीचा तो पहिला दाखला, आणि तो मी लगेच वापरला. दोघांना घेऊन ओढ्याकडं गेले. परत येताना बहिणीचा घोळणा फुटला. नाकातून रक्त, झगा लाल. आईनं मला मारलं नाही. तिनं ट्रंकेचं पितळी कुलूप काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून कडीला ते लागायला लागलं. किल्ली पदराच्या गाठीत.

ज्या दिवसाचं मी सांगते, तो वैशाखातला मंठ्याच्या बाजाराचा दिवस. वडील पहाटेच गाडी जुंपून गेले. आईला ज्वारीच्या रानातली धसकटं वेचायची होती. वखराची पाळी घालायच्या आधी ती वेचावीच लागतात. रोज ती सूर्य डोक्यावर यायच्या आत परतायची. त्या दिवशीचं रान लांबचं होतं. भावाला दाताचे जुलाब लागले होते, त्यामुळं ती उंबऱ्यात थोडी घुटमळली. मग ऊन बाधू नये म्हणून त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला कांदा अडकवला आणि मला म्हणाली,

"रांजणात पाणी हाय ते पिण्यापुरतं. आड आटलाय. सांडलंस तर बघ."

"हो."

"कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. घरात एकली पोरं हायत हे बाहेर कळू द्यायचं न्हाई."

"आणि देवानं हाक मारली तर?" बहिणीनं विचारलं.

"तुला न्हाई मारत देव. जेवताना तुझा दंगा ऐकून कवाच बहिरा झालाय तो."

बहीण खूश झाली. दार लागलं. कुलूप दाबल्याचा आवाज आला, आणि आईच्या चपला गल्लीतून लांब गेल्या.

सकाळी उन्हं चढायला लागली की पत्रा बोलायचा. टक्. थांबायचा. टक् टक्. वर बसून कुणी नखानं टोकरतंय असं वाटायचं. चैत्रापासून आम्ही हे ऐकत होतो. दुपारी घर तापतं हेही माहीत होतं, पण तोवर आई आलेली असायची, दार उघडं असायचं आणि तिच्या देखत आम्ही गल्लीतल्या कडुनिंबाखाली बसायचो, तेवढं गाव चालवून घ्यायचं. बंद दारानं पूर्ण दुपार त्या पत्र्याखाली आम्ही कधी काढलीच नव्हती. हे आमच्या ध्यानात नव्हतं. आईच्याही नव्हतं.

जेवणवेळेपर्यंत आम्ही सागरगोटे खेळलो. मग घामानं ते हातातून निसटायला लागले. बहीण म्हणाली, "आपण भाकरी हाव." मी म्हटलं, "मंग उलट." ती जमिनीवर पालथी झाली. आम्ही तिघं दाराजवळून माजघरात सरकलो, माजघरातून रांजणाच्या बुडाशी. रांजणाखालची जमीन जरा ओलसर होती. तिथं भावाला ठेवलं. तो किरकिरत होता. पाणी पाजलं, थोडं प्याला, थोडं ओकला. परत किरकिर.

पत्रा गप्प झाला. पुरता तापला की तो वाजत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वरून ऊब नव्हे, वजन यायला लागलं. उभं राहिलं की डोकं भट्टीत घातल्यासारखं व्हायचं, म्हणून मी रांगत हिंडत होते. भांड्यांना हात लावला तर पितळ चटका द्यायचं. सरकीच्या तेलाचा जुना वास पत्र्यातून परत सुटला होता आणि तो घशात बसत होता. दाराच्या फटीतून गल्लीचा एक पांढरा पट्टा दिसायचा, डोळ्याला टोचणारा. त्यात माणूस नाही, कुत्रं नाही. त्या फटीशी तोंड लावून मी श्वास घेऊन पाहिला. बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरी होती, म्हणजे फक्त चुलीबाहेरची.

मग भाऊ रडायचा थांबला.

मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं. इतका वेळ ती किरकिर ऐकून माझं डोकं उठलं होतं, आणि तो निजला असं समजून मी रांजणाला टेकून डोळे मिटले. किती वेळ गेला ठाऊक नाही. बहिणीनं मला हलवलं.

"अक्का, ह्याचा हात बघ."

तिनं त्याचा हात वर धरला आणि सोडला. तो ओल्या कापडासारखा खाली पडला. तिला तो खेळ वाटत होता, तिनं परत उचलला. मी भावाला कुशीत घेतलं. अंग तव्यासारखं. मी आणि बहीण घामानं निथळत होतो आणि तो कोरडा होता, राखेत लोळल्यासारखा. हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. डोळे अर्धे उघडले आणि बुबुळं वर गेली.

मी दाराकडं धावले. थापा मारल्या, लाथा मारल्या. वेळूची काडी घेतली आणि फटीतून घातली, ती कुलपाला लागून मोडली. आईनं ओ द्यायची नाही म्हटलं होतं, ओरडायचं नाही असं म्हटलं नव्हतं, असा विचार मी तेव्हा केला हे मला स्वच्छ आठवतं. म्हणून ओरडले. गल्लीत कुणी नव्हतंच. अर्धं गाव रानात आणि अर्धं बाजारात. उरलेलं आपापल्या माळवदाखाली दारं लावून झोपलेलं. दवंडीत सांगितलं होतं तसं.

परत माजघरात आले, तर भिंतीतून आवाज आला.

शेजारचं घर मण्याराचं. तो बाजारोबाजार बांगड्या विकत हिंडायचा, त्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन मंठ्याला गेलेला. त्याची बायको पडद्यातली. गावातल्या बायका बांगड्या भरायला तिच्याकडं जायच्या, ती मात्र दिवसाउजेडी उंबऱ्याबाहेर येत नसे. आम्ही तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, मातीची. त्या भिंतीत आमच्या बाजूला देवांची देवळी होती. देवळीपाशी भिंत पातळ, त्यामुळं आरती करताना आम्हाला त्यांच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि त्यांना आमच्या घंटीचा.

"कौन रोरा गे? कवापासून पुकाररी मैं. जवाब कैकू नई देते?"

"आईनं सांगितलंय, ओ द्यायची न्हाई."



"मंग आता काय देऊन राह्यली?"

मी रडायला लागले.

"रो नक्को. बच्चा कैसा है ते सांग."

"गप पडलाय. डोळे वर करतोय."

"पसीना? घाम हाय का त्येला?"

"न्हाई. कोरडा हाय."

"या अल्ला." मग आवाज एकदम कामाचा झाला. "कपडे काढ त्येचे. पानी डाल आंगावर. डोक्यावर, काखंत, मांड्यांत."

"पाणी पिण्यापुरतंच हाय."

"डाल म्हन्ते ना. तुझ्या आईला मी सांगते. डाल."

रांजण इतका वेळ माझ्या हाताशी होता. त्याला टेकून मी झोपले होते. आज विचार करते तेव्हा हेच सगळ्यात जड जातं. पाणी होतं, लेकरू भाजत होतं, आणि मी पाणी राखत बसले होते, कारण मी आज्ञाधारक होते. मी तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला. बहीण कुजबुजली, "आई मारंल." मी दुसरा ओतला. आईचं जुनं लुगडं बुचकळून त्याला गुंडाळलं. बहिणीच्या हातात सूप दिलं आणि वारा घालायला लावलं. ती दोन्ही हातांनी सूप हलवत होती आणि रडत होती आणि थांबत नव्हती. लुगडं बघता बघता वाळायला लागलं. मी परत भिजवलं. रांजणाच्या तळाला तांब्या खरवडायला लागला.

तेवढ्यात दारावर घाव बसला. फटीतून पाहिलं तर खाला. अंगावर बुरखा नाही, डोक्यावरची ओढणी मानेत पडलेली, पायात काही नाही. त्या तापल्या फुफाट्यात ती अनवाणी उभी होती आणि वरवंट्यानं कुलपावर मारत होती. एक, दोन, पाच. पितळी कुलूप दबलं, पण उघडलं नाही. कोयंड्यावर मारलं, तो हललाही नाही. वडिलांनी निवडून आणलेला कोयंडा.

"बाप तेरा तुरुंग बांधून गेला," ती दम खात म्हणाली. पायाखालचा चटका सोसेना म्हणून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होती. मग तिनं दाराकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.

"दार पक्कं हाय. भिंत कच्ची हाय," ती म्हणाली आणि गेली.

देवळीतून परत आवाज आला. "देव काढ बेटा तिथले. मेरेकू नक्को छूने देऊ."

देवळीत चांदीचे चार टाक होते, कुळातल्या देवांचे, बोटभर उंचीचे पत्रे. बिनआंघोळीचं त्यांना शिवायचं नाही, पोरींनी तर एरवीही नाही. आड आटल्यापासून दोन दिवस मी आंघोळ केली नव्हती. मी चारही टाक उचलले आणि परकराच्या ओच्यात खोचले. ते इतके तापले होते की पोटाला चटका बसला.

"काढले."

"लांब सरक."

पहिल्या घावाला कोनाड्यातलं सारवण गळालं. ती पलीकडून सब्बल मारत होती. कूड पाडायची लोखंडी पहार, तिच्या नवऱ्याच्या उंचीची. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मधे मधे ती शिव्या देत होती, भिंतीला, उन्हाला, पत्र्याला, एकदा मला वाटतं माझ्या वडिलांना. मी आमच्या बाजूनं उलथन्यानं माती उकरायला लागले. मातीत भुसा होता, कधीकाळी गारा कालवताना कुणाच्या तरी पायाखाली तुडवलेला. मग एकदम सब्बलेचं टोक माझ्या तोंडासमोर आलं आणि मागं गेलं, आणि त्या मुठीएवढ्या भोकातून हवा आली.

त्या हवेचं मी काय सांगू. तिला ओल्या मातीचा वास होता आणि शिळ्या मेथीचा. मी भोकाला तोंड लावलं. मग शरम वाटून भावाला उचलून त्याचं तोंड तिथं धरलं. पलीकडून एक ओला हात आला आणि त्याच्या कपाळावर ठेवला गेला. त्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, दोन फुटलेल्या, आणि मनगटावर रक्त होतं.

"धर असंच," ती म्हणाली. "मी बाजूनं मारते."

भोक सुपाएवढं व्हायला किती वेळ लागला सांगता येत नाही. आधी भाऊ गेला, लुगड्यात गुंडाळलेला, भाकरी चुलीत सरकवावी तसा. मग बहीण. ती भोकात अर्धी जाऊन थांबली आणि म्हणाली, "अक्का, तुला येता येईल ना?" तोवर माझ्या मनात तो विचार आलाच नव्हता. मी आले. कोपरं आणि गुडघे सोलले, पण आले.

खालाच्या घरात अंधार होता आणि गारवा. हातभर मातीच्या माळवदाखाली ती दुपार दुसऱ्याच मुलखातली वाटत होती. तिनं जमिनीवर पाणी शिंपलं आणि भावाला उघडा तिथं निजवला. ओल्या फडक्यानं पुसायची, पंखा घालायची, परत पुसायची. मी तांब्या घेऊन त्याच्या तोंडाशी गेले, तर तिनं माझा हात झिडकारला.

"बेसुध लेकराला पाजतात व्हय? छातीत जाईल पानी. डोळा उघडू दे."

ती कधी शाळेत गेली नव्हती. पुढं मी कॉलेजात असताना डॉक्टरचं एक व्याख्यान ऐकलं, ऊन लागलेल्या मुलाचं काय करायचं ते. सावलीत घ्या, कपडे काढा, अंग ओलं ठेवून वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, घाम आणि रडणं थांबलं तर ती झोप समजू नका. मी वहीत लिहून घेतलं नाही. शेजारच्या मुलीनं विचारलं, "लिहीत का नाहीस?" मी म्हटलं, "मला येतं हे."

आम्ही बसून राहिलो. खालानं कैरी उकडून तिचा गर त्याच्या तळपायांना चोळला. कपाळ चाचपायचं, काख चाचपायची. बहीण तिथंच कलंडून झोपली, तर खालानं तिला हलवून उठवलं, दोन घोट पाजले, ती बोलते का बघितलं आणि मगच झोपू दिलं. मी ओचा घट्ट धरून होते. तिच्या ते ध्यानात आलं. तिनं फडताळातला धुतलेला रुमाल काढला, वरच्या फळीवर अंथरला आणि तोंड फिरवून म्हणाली, "ठेव तुझ्या हातानं." मी देव तिथं ठेवले.

दिवस कलायला लागला तेव्हा भावाच्या ओठांची हालचाल झाली. मग कपाळावर, केसांच्या मुळाशी, राईच्या दाण्याएवढं पाणी दिसलं. खालानं बोट लावून चाटून पाहिलं.

"घाम हाय," ती म्हणाली. "खारट हाय."

आणि तो रडला. बारीक, मांजरासारखा. खाला भिंतीला टेकली आणि तिनं आपले पाय पुढं पसरले. तळव्यांवर फोड आले होते, रुपयाएवढे. तेव्हा मी ते पाहिले.

आई रानात एका करंजाखाली अडकली होती. बरोबरच्या एका बाईला भोवळ आली होती, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, की ऊन उतरल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. तेही शहाणपणाचंच. आई पुढं आयुष्यभर एवढंच म्हणायची, "मी झाडाखाली निवांत बसल्ते गं. म्हटलं, पोरं कोंडलेली हायत, काळजी कशाची."

आम्ही पलीकडून ऐकलं. दबलेल्या कुलपात किल्ली फिरेना, मग खडखड, मग फिरली. दार उघडलं. पावलं आत आली आणि थांबली. रांजण कोरडा, जमिनीवर चिखल, देवळीच्या जागी भगदाड, देव नाहीत, पोरं नाहीत. आई ओरडली नाही. काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, ती होती.

"इधर हैं भाबी," खाला म्हणाली. "तिघं बी हायत."

आई दारानं फिरून आली नाही. त्या भोकातूनच आली, पदर मातीत ओढत.

वडील दिवे लागताना आले. तोवर गल्ली गोळा झाली होती. भावकीतले एक काका भगदाडाकडं बघून म्हणाले, "कुलूप तोडायला माणसं आली असती. देवाच्या जागेवर सब्बल कशाला?"

"कवा आली असती?" आईनं विचारलं. ती वडीलधाऱ्यांसमोर बोलत नसे.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना भाकरीचं ते आपलं बोलणं आठवलं असावं. ते काही न बोलता घरी गेले, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

वडील म्हणाले, "उद्या गारा करतो. भिंत बुजवून घेऊ."

"आधी वरचं बघा," आई म्हणाली. "मंग भिंतीचं."

वडिलांनी पत्रे उतरवले नाहीत. गावानं इतके दिवस पाहिलेली गोष्ट खाली घेणं त्यांना जमलं नसतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही जमलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी लावून वर चढले, हातात छिन्नी आणि हातोडा, आणि ज्या पत्र्याला साणं ठेवायला त्यांचं मन झालं नव्हतं त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं भोक पाडलं. आवाज सगळ्या गावात गेला. मग पत्र्याच्या आतून तुराट्या बांधल्या, वर कडबा अंथरला. घर वरून गोठ्यासारखं दिसायला लागलं. लोक हसले असतील. वडिलांनी वर बघणं सोडलं.

भिंत बुजवली गेली नाही. तिला लाकडी झडप बसली, कडी नसलेली, दोन्हीकडून ढकलली की उघडणारी. देव पलीकडच्या भिंतीत गेले. आई त्यानंतरही धसकटं वेचायला जायची, पण निघताना आम्हाला एकेक करून झडपेतून आत सारायची आणि खाला एकेकाच्या कपाळाला हात लावून घ्यायची. पितळी कुलूप परत ट्रंकेला गेलं. दबल्यामुळं ते नीट लागत नसे.

भाऊ वाढला, शेती करतो. त्याला यातलं काही आठवत नाही. मी शिकवायला लागले तेव्हा मला मिळालेला पहिला वर्ग पत्र्याचा होता. तिथं मी कडक बाई म्हणून ओळखली गेले आणि ते बरोबरच होतं. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी त्या वर्गात मी पोरांना "गप्प बसा" असं कधी म्हटलं नाही. वर्ग आपोआप गप्प झाला, तर मी पुस्तक खाली ठेवायचे आणि बाकांमधून फिरत एकेकाच्या कपाळाला हात लावायचे.